एक सर्व्हर, शंभर गिऱ्हाइकं

१६ जुलै २०२१ रोजी दुपारी एक वाजता दहावीचा निकाल ऑनलाइन जाहीर झाला. कोरोनामुळे त्या वर्षी परीक्षाच झाली नव्हती. नववीचे गुण आणि दहावीचं अंतर्गत मूल्यमापन धरून लावलेला निकाल ९९.९५ टक्के लागला होता. नापास होण्याची भीती जवळजवळ नव्हती, तरी पंधरा लाखांहून जास्त मुलं आणि त्यांचे आईवडील ठरल्या वेळी एकदम निकाल बघायला धावले आणि संकेतस्थळ कोलमडलं. कित्येक मुलांना आपले गुण बघायला तासन्‌तास थांबावं लागलं. राज्य शिक्षण मंडळाचं मुख्य कार्यालय पुण्यातच, शिवाजीनगरजवळ भांबुर्ड्यात आहे, त्यामुळे त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्राचे फोन पुण्याकडे लागले होते.

वर्षाचे तास होतात ८,७६०. दहावी आणि बारावी दोन्ही निकालांचे खरे गर्दीचे तास काढले, तर ते हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्या चार-सहा तासांना पुरतील एवढे सर्व्हर बारा महिने बाळगायचे, तर उरलेला सगळा काळ ती यंत्रं वीज जाळत नुसती उभी राहतील. बाळगले नाहीत, तर निकालाच्या दिवशी घराघरात हळहळ. मंडळाने यावर काढलेला मार्ग मला शहाणपणाचा वाटतो. आता निकाल एकाच जागी न ठेवता मंडळाची स्वतःची संकेतस्थळं, पुण्याच्याच एमकेसीएलचं संकेतस्थळ आणि केंद्र सरकारचं डिजिलॉकर अशा अनेक ठिकाणी एकाच वेळी दिला जातो. गर्दी तेवढीच असते, पण ती वाटली जाते.

मंडळाला निदान गर्दीचा दिवस आणि वेळ आधी ठाऊक असते. अप्पा बळवंत चौकातला पुस्तकविक्रेता, कोथरूडमधला क्लास, भोसरीतला सुट्या भागांचा कारखानदार यांच्या संकेतस्थळांवर गर्दी कधी होईल हे त्यांनाही सांगता येत नाही. आणि त्यांच्यापैकी बहुतेकांनी स्वतःचा सर्व्हर घेतलेलाच नसतो. वर्षाला काही हजार रुपये भरून त्यांनी 'शेअर्ड होस्टिंग' घेतलेलं असतं. एका यंत्रावर शंभर, दोनशे, कधी त्याहूनही जास्त संकेतस्थळं एकत्र नांदत असतात. प्रत्येकाला कबूल केलेली जागा, मेमरी आणि प्रोसेसरचा वाटा यांची बेरीज केली, तर ती त्या यंत्राच्या खऱ्या ताकदीच्या कितीतरी पट निघते. या धंद्यात याला ओव्हरसेलिंग म्हणतात. होस्टिंग विकणाऱ्याने असं करावं का, हा या लेखाचा प्रश्न आहे. करावं, असं माझं मत आहे. पण कशाचं करावं आणि कशाचं मुळीच करू नये, यातला फरक न पाळणारा विक्रेता गिऱ्हाइकाला फसवतो, असंही मी म्हणेन.

ही काही अंधारात चालणारी गोष्ट नाही. शेअर्ड होस्टिंगच्या व्यवस्थापनासाठी जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरांपैकी एक म्हणजे सीपॅनल. त्यात मुख्य विक्रेता आपल्या हाताखालच्या रिसेलरला परवानग्या देतो, त्या पानावर ओव्हरसेलिंग चालू करण्याची सोय सरळ एका चौकोनाच्या रूपात असते: डिस्कसाठी वेगळी, बँडविड्थसाठी वेगळी. त्यावर खूण केली की रिसेलरला स्वतःच्या वाट्याला १०० जीबी आलेले असताना गिऱ्हाइकांना मिळून ५०० जीबी कबूल करता येतात. पुण्यात वेबसाइट बनवून देणारे शेकडो छोटे व्यावसायिक याच पद्धतीने होस्टिंग विकतात. म्हणजे बऱ्याचदा ओव्हरसेलिंग दोन मजली असतं: मूळ कंपनीने एकदा केलेलं आणि रिसेलरने त्यावर पुन्हा केलेलं. वरच्या मजल्यावर बसलेल्या दुकानदाराला खालचा हिशेब दिसण्याची काही सोय नसते.

आता यात तथ्य काय, ते पाहू. सर्व्हर हे यंत्र बहुतांश वेळ मोकळंच असतं. गूगलच्या लुइझ बारोसो आणि उर्स होल्झ्ले यांनी २००७ मध्ये हजारो सर्व्हरांच्या नोंदी तपासून लिहिलं, की ही यंत्रं बहुतेक काळ आपल्या ताकदीच्या १० ते ५० टक्के या पट्ट्यातच काम करतात. त्याहून डोळे उघडणारी गोष्ट पुढे होती. चांगल्यापैकी काटकसरी सर्व्हरही काहीच काम नसताना पूर्ण भाराच्या साधारण निम्मी वीज घेत असे. त्यानंतर यंत्रं सुधारली, तरी रिकामं यंत्र फुकट पडत नाही ही गोष्ट कायम आहे. प्रत्येक छोट्या संकेतस्थळाला त्याचं स्वतःचं, न वाटलेलं यंत्र द्यायचं ठरवलं, तर दिवसाला पन्नास माणसं ज्याच्याकडे फिरकतात त्या दुकानदाराला महिन्याला हजारो रुपये मोजावे लागतील, आणि वीज जळेल ती वेगळीच. स्वस्त होस्टिंग शक्य झालं ते वाटून घेतल्यामुळे. त्यामुळेच जिल्ह्याच्या गावातल्या शाळेचं, ग्रंथालयाचं, साहित्य मंडळाचं संकेतस्थळ उभं राहू शकलं, हे विसरून ओव्हरसेलिंगला सरसकट शिव्या देणं मला पटत नाही.

या वाटून घेण्यामागचं गणित इंटरनेटहून फार जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एरलांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ मध्ये टेलिफोनच्या गर्दीवर संभाव्यतेचा सिद्धान्त लावला, आणि इतक्या ग्राहकांसाठी नेमक्या किती तारा लागतील याचं सूत्र १९१७ मध्ये दिलं. प्रत्येक ग्राहकामागे एक मुख्य तार कोणत्याही देशाने कधी टाकली नाही. 'या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त आहेत' हा निरोप ज्यांनी एसटीडी बूथमध्ये उभं राहून ऐकला आहे, त्यांनी एरलांगच्या सूत्राची दुसरी बाजू अनुभवलेली आहे. महावितरणही तुमच्या-आमच्या मंजूर भाराची बेरीज करून रोहित्र बसवत नाही. सगळ्यांचे गिझर एका मिनिटाला चालू होत नाहीत, या भरवशावर ते बसवलेलं असतं.

पुण्यात हे समजायला मेसइतकं सोपं उदाहरण नाही. चाळीस पाटांच्या मेसमध्ये दोनशे जणांची महिन्याची कार्डं असतात. कोणी बाराला येतो, कोणी दोनला, कोणी शनिवारी गावी गेलेला असतो. कोणालाही फार ताटकळावं लागत नाही आणि ताट परवडतं. पण रविवारी दुपारी फीस्ट असली, की दोनशेच्या दोनशे जण साडेबाराला हजर होतात आणि रांग जिना उतरून रस्त्यावर येते. मेसवाल्याने आदल्या दिवशीही तेवढीच कार्डं विकलेली होती. रविवारी फक्त सगळ्यांना भूक एकाच वेळी लागली.

हेच जरा आकड्यांत मांडतो. समजा एका सर्व्हरवर १०० संकेतस्थळं आहेत आणि कोणत्याही क्षणी त्यातलं एक संकेतस्थळ खरोखर कामात असण्याची शक्यता ५ टक्के आहे. सरासरी ५ संकेतस्थळं एका वेळी जागी असतील. सर्व्हर एका वेळी १२ संकेतस्थळं सांभाळू शकत असेल, तर तो अपुरा पडण्याची वेळ हजार क्षणांत एखाद-दुसऱ्या वेळीच येते. म्हणजे शंभर जणांना बारा जणांची ताकद विकून भागतं, आणि कोणाला त्याचा पत्ताही लागत नाही. आता संकेतस्थळं १,००० करा. दहापट म्हणजे १२० ची ताकद लागेल असं वाटतं, पण जवळपास तेवढाच भरवसा ७१ मध्ये मिळतो. समूह मोठा झाला की चढउतार एकमेकांना खोडून काढतात. मोठे विक्रेते छोट्यांपेक्षा जास्त ओव्हरसेलिंग करूनही चांगली सेवा देऊ शकतात, याचं हे एक साधं कारण आहे.

या सगळ्या गणिताला मात्र एक अट आहे, आणि माझ्या मते सगळा वाद त्या अटीपाशी येऊन थांबायला हवा. एकाची गर्दी दुसऱ्याच्या गर्दीशी बांधलेली नसावी. ती बांधलेली असेल, तर वरची सुंदर आकडेमोड पत्त्यांच्या बंगल्यासारखी पडते. तेच १०० शेजारी घ्या आणि एखाद्या संध्याकाळी प्रत्येकाची शक्यता ५ वरून २० टक्क्यांवर गेली असं समजा. सरासरी २० जण जागे, ताकद १२ जणांची. आता सर्व्हर शंभरातले ९५ हून जास्त क्षण अपुरा पडेल. आणि इथे समूह मोठा करूनही सुटका नाही: हजार शेजाऱ्यांत २०० जागे असतील आणि ताकद ७१ ची.

पुण्याचं कॅलेंडर डोळ्यांसमोर आणा. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी सराफ, भांड्यांची दुकानं आणि दुचाकींचे विक्रेते एकाच वेळी गजबजतात. गणेशोत्सवाचे दहा दिवस मंडळांची थेट दर्शनं, ढोलपथकांच्या नोंदण्या आणि मोदकांच्या ऑर्डरी एकत्र येतात. अकरावी आणि पदवीच्या प्रवेशांच्या दिवसांत शहरातली सगळी महाविद्यालयं, क्लास आणि वसतिगृहं यांची पानं एकदम उघडली जातात. दिवाळी अंकांच्या नोंदणीचा हंगाम प्रकाशकांना एकाच पंधरवड्यात येतो. ज्या स्थानिक विक्रेत्याने एकाच यंत्रावर सगळी गिऱ्हाइकं याच शहरातली आणि त्यातही एकाच व्यवसायातली भरली आहेत, त्याच्याकडे पुण्याचा सण हा यंत्राचा सण होतो. चाळीस महाविद्यालयांची संकेतस्थळं एका सर्व्हरवर ठेवणं म्हणजे वर्षातले अकरा महिने सुखाचे आणि ज्या महिन्यात त्या संकेतस्थळांची खरी गरज, त्याच महिन्यात हाल. आपल्याकडची स्थानिक होस्टिंग सेवा माणसाला ओळखते, फोन उचलते, मराठीत बोलते, आणि म्हणून ती टिकावी असं मला मनापासून वाटतं. पण तिच्यावरचा हा धोका परदेशी कंपनीपेक्षा जास्त आहे. कारण त्या कंपनीच्या यंत्रावर पुण्याचा सराफ, पोलंडमधला दंतवैद्य आणि ब्राझीलचं हॉटेल शेजारी असतात, आणि त्यांचे सण वेगळे असतात.

यावर स्थानिक विक्रेत्याला करता येण्यासारखं बरंच आहे. गिऱ्हाइकांची वाटणी व्यवसाय पाहून करावी: सराफासोबत क्लास, क्लाससोबत कारखानदार. हंगामाआधी पंधरा दिवस काही संकेतस्थळं दुसऱ्या यंत्रावर हलवावीत. आणि गेल्या दिवाळीच्या नोंदी काढून बघाव्यात, कारण वर्षाची सरासरी इथे काहीच सांगत नाही.

आता कशाचं ओव्हरसेलिंग चालतं, तो भाग. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क ही तीन वेगवेगळ्या स्वभावाची साधनं आहेत. जाहिरातीत ती एका ओळीत छापली जातात, म्हणून गिऱ्हाइकाला ती सारखी वाटतात.

प्रोसेसर वाटून घ्यायला सर्वांत सोपा. मागणी जास्त झाली की कामं रांगेत उभी राहतात, पान अर्ध्या सेकंदाऐवजी तीन सेकंदांनी उघडतं, आणि गर्दी ओसरली की सगळं सुरळीत होतं. नुकसान होतं ते वेळेचं. ज्यांनी व्हीपीएस, म्हणजे मोठ्या यंत्राचा आभासी तुकडा भाड्याने घेतला आहे, त्यांना हे ओव्हरसेलिंग मोजताही येतं. लिनक्सवर 'टॉप' ही आज्ञा दिली की वरच्या ओळीत 'एसटी' असा एक आकडा दिसतो. आपल्या आभासी यंत्राला प्रोसेसर हवा होता, पण त्या वेळी तो दुसऱ्या कोणाला दिलेला होता, अशा वेळेचं हे प्रमाण. तो अधूनमधून एक-दोन टक्के दिसला तर काळजी नको. दिवसचे दिवस दहाच्या वर राहिला, तर शेजार फार दाटीचा झाला आहे आणि विक्रेत्याला जाब विचारायची वेळ आली आहे.

मेमरीचं तसं नाही. मेमरी रांगेत उभी राहत नाही; ती असते किंवा नसते. लिनक्स मुळातच थोडी उधळी आहे. प्रोग्रामने मागितलेली सगळी मेमरी तो लगेच वापरत नाही हे ओळखून, ती प्रत्यक्षात असलेल्यापेक्षा जास्त मेमरी कबूल करू शकते, आणि ही सढळ वृत्ती किती ठेवायची याच्या तीन पायऱ्या यंत्रणेच्या चालकाला निवडता येतात. आभासी यंत्रांच्या जगात त्याच्या जोडीला आणखी युक्त्या आल्या. व्हीएमवेअरने २००२ मध्ये मांडलेली 'बलूनिंग'ची पद्धत एका आभासी यंत्राच्या आत फुगा फुगवून तिथली पडून असलेली मेमरी दुसऱ्यासाठी सोडवून घेते. लिनक्समध्ये २००९ मध्ये आलेली केएसएम ही सोय वेगवेगळ्या आभासी यंत्रांतली मेमरीची हुबेहूब सारखी पानं शोधून त्यांची एकच प्रत ठेवते. या युक्त्या हुशारीच्या आहेत आणि मर्यादेत वापरल्या तर प्रामाणिकही. पण सगळ्यांनी आपापली कबूल झालेली मेमरी एका दिवशी खरोखर मागितली, की लिनक्सचा 'ओओएम किलर' जागा होतो आणि एखाद्या प्रोग्रामचा बळी देऊन यंत्र वाचवतो. बळी बहुधा सर्वांत जास्त मेमरी खाणाऱ्याचा जातो, आणि वेबच्या सर्व्हरवर तो अनेकदा डेटाबेस असतो. म्हणजे गर्दीच्या ऐन भरात ऑर्डरींची नोंद ठेवणारा प्रोग्रामच मारला जातो. पैसे कापले गेले आणि ऑर्डर नोंदली गेली नाही, अशा तक्रारींच्या मुळाशी हे एक कारण असू शकतं. प्रोसेसर तीनपट विकणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही; मेमरी तीनपट विकणाऱ्याकडे मी माझं काम सोपवणार नाही.

डिस्कचं ओव्हरसेलिंग वरवर सर्वांत निरुपद्रवी दिसतं. ५० जीबी घेणाऱ्या बहुतेकांचं संकेतस्थळ एक-दोन जीबीत मावतं. समजा चारशे जणांना ५० जीबी कबूल केले, तर हिशेबाने २० टीबी हवेत. प्रत्यक्षात दोन टीबीच्या डिस्कवरही अर्धी जागा मोकळी राहते. शिवाय डिस्क सावकाश भरते, विक्रेत्याला नवी बसवायला महिनोन्‌महिने मिळतात. म्हणून लक्ष ठेवणाऱ्याच्या हाती हे ठीक आहे. लक्ष न ठेवणाऱ्याच्या हाती त्याचा शेवट मात्र सर्वांत वाईट असतो. डिस्क भरली की डेटाबेसचं लिहिणं अर्ध्यावर थांबतं, ईमेल आत येत नाहीत, आणि कधीकधी डेटाबेसच्या फायलीच मोडतात. आणि बॅकअपच्या जागेचं ओव्हरसेलिंग तर कुणीच, कधीच करू नये. बॅकअपची आठवण सगळ्यांना एकाच दिवशी होते: यंत्र बिघडल्याच्या दिवशी.

मग प्रामाणिक ओव्हरसेलिंग कसं दिसतं? त्याची उदाहरणं आहेत. ॲमेझॉनने २०१४ मध्ये टी-२ नावाची स्वस्त आभासी यंत्रं बाजारात आणली. त्यातल्या सर्वांत ओळखीच्या टी-२ मायक्रोला प्रोसेसरचा १० टक्के वाटा कायमचा कबूल केलेला असतो. यंत्र शांत असताना तासाला ६ 'क्रेडिट' जमा होतात, आणि एका क्रेडिटवर एक मिनिटभर पूर्ण प्रोसेसर वापरता येतो. गिऱ्हाइकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं, की आपण शंभर टक्के विकत घेतलेलं नाही. दहा टक्के घेतलं आहे आणि वर साठवणीची सोय आहे. आपल्या महाराष्ट्रातही वेगळा विचार झाला. नाशिकच्या सातपूरमधल्या ईएसडीएस या कंपनीने 'एनलाइट' ही क्लाउड सेवा उभी केली. गरज वाढली की चालू आभासी यंत्राची मेमरी आणि प्रोसेसर तिथल्या तिथे वाढवायचा, गरज ओसरली की कमी करायचा, आणि जेवढं वापरलं तेवढ्याचंच बिल लावायचं, ही तिची कल्पना. आणि ज्या कामात वाटून घेणं चालतच नाही, तिथे सरळ रांग लावतात. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला, तेव्हापासून महासंगणकाची संस्कृती या शहराला ओळखीची आहे. आयसर पुणेच्या 'परम ब्रह्म'वर संशोधक आपलं काम रांगेत नोंदवतो, पाळी येईपर्यंत थांबतो, आणि पाळी आली की मागितलेली साधनं त्याच्या कामासाठी राखून ठेवली जातात. थांबावं लागतं, पण कबूल केलेलं मिळतं.

खटकतो तो 'अनलिमिटेड' हा शिक्का. अमर्याद जागा, अमर्याद बँडविड्थ, अमर्याद संकेतस्थळं, असं मोठ्या अक्षरांत छापायचं आणि अटींच्या पानावर तळाशी फायलींच्या संख्येची, एका वेळी चालणाऱ्या प्रक्रियांची आणि 'रास्त वापरा'ची मर्यादा घालायची. मर्यादा असण्याला माझा विरोध नाही. उलट त्या नसतील तर एक बेफाम शेजारी सगळ्यांना बुडवेल. प्रत्येक खात्याला त्याच्या वाट्याच्या चौकटीत ठेवणारी क्लाउडलिनक्ससारखी यंत्रणा म्हणूनच उपयोगाची आहे. तिच्यामुळे एक लक्षणही ओळखता येतं: संकेतस्थळावर '५०८' क्रमांकाची चूक दिसली, तर तुमच्याच खात्याची मर्यादा संपली आहे; तशी चूक न दिसता सगळंच रेंगाळत असेल, तर शेजारच्या दाटीचा संशय घ्यायला जागा आहे. माझी तक्रार आहे ती मर्यादा लपवण्याबद्दल.

ओव्हरसेलिंग मान्य करून त्याला नियमात बसवणं भारताला जमत नाही, असंही नाही. विमान कंपन्या आसनांपेक्षा जास्त तिकिटं विकतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नियमांनी ती गोष्ट नाकारली नाही. जागा कमी पडली तर आधी स्वखुशीने उतरायला तयार असलेले प्रवासी शोधायचे, आणि तरीही कोणाला नाकारावं लागलं व एका तासाच्या आतलं दुसरं विमान देता आलं नाही, तर भरपाई द्यायची. चोवीस तासांच्या आत सोय केली तर मूळ भाड्याच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल २०,००० रुपये, असा दर २०१६ मध्ये ठरला. ब्रॉडबँडबाबत दूरसंचार नियामक संस्था ट्रायने २००९ मध्ये सांगितलं, की एकच जोडणी घरगुती वापरात पन्नासपेक्षा आणि व्यावसायिक वापरात तीसपेक्षा जास्त ग्राहकांत वाटली जाऊ नये. २०१६ मध्ये तिने 'रास्त वापरा'ची मर्यादा आणि त्यानंतरचा वेग ग्राहकाला स्पष्ट सांगणं कंपन्यांना बंधनकारक केलं.

होस्टिंगसाठी असा काही नियम नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार डेटा सेंटर, व्हीपीएस आणि क्लाउड सेवा देणाऱ्यांना आपल्या ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवावी लागते. म्हणजे सर्व्हर कोणी भाड्याने घेतला हे सरकारला हवं आहे. तोच सर्व्हर किती जणांना विकला, हे कोणी विचारत नाही. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउडचा मध्य भारत विभाग पुण्यात सुरू केला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या मोजक्या राष्ट्रीय डेटा सेंटरांपैकी एक पुण्यात आहे. या धंद्याचं शहर म्हणून पुणं वाढत असताना ही पोकळी राहणं बरं नव्हे.

दाद मागण्याची वाट अगदीच बंद नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिराती आणि अनुचित व्यापारी प्रथा यांविरुद्ध तरतुदी आहेत. व्यापारी हेतूने घेतलेली सेवा त्या कायद्यात बसत नाही, पण स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेली सेवा बसते. घरून पोळीभाजी केंद्र किंवा शिकवणी चालवणाऱ्या बाईंनी हे लक्षात ठेवावं. आपण व्यापारी आहोत, आपल्याला ग्राहक म्हणून कोण विचारणार, असं समजून त्या गप्प बसतात.

होस्टिंग घेताना किंमत विचारण्याआधी विक्रेत्याला काही गोष्टी लेखी विचाराव्यात, असं मी सुचवीन. माझ्या वाट्याला प्रोसेसर आणि मेमरी किती, आणि त्यातली मेमरी राखीव आहे की वाटलेली? फायलींची आणि एका वेळच्या प्रक्रियांची मर्यादा किती? या यंत्रावर माझ्याच व्यवसायातले आणखी किती जण आहेत? दिवाळीत किंवा प्रवेशांच्या दिवसांत गर्दी वाढली तर काय कराल? बॅकअप दुसऱ्या यंत्रावर असतो का, आणि तो परत आणून पाहिला आहे का? चांगला विक्रेता या प्रश्नांनी रागावत नाही. उत्तरं टाळणाऱ्याकडून स्वस्तातही घेऊ नये.

आणि पुण्यात रिसेलर म्हणून काम करणाऱ्या तरुण मित्रांना एक विनंती. ओव्हरसेलिंग करा, त्याशिवाय तुमचा आणि तुमच्या छोट्या गिऱ्हाइकांचा निभाव लागणार नाही. पण दरपत्रकातला 'अमर्याद' शब्द काढून टाका, त्या जागी खरे आकडे छापा, आणि येत्या दिवाळीआधी तुमच्या प्रत्येक सर्व्हरवर कोण कोणाच्या शेजारी बसला आहे, ते एकदा तपासून बघा.